पिन काढल्याशिवाय

झाड १

संपतनं डावा हात वर केला. बेबीनंदानं बोर्डातली पिन उपसली आणि त्याला दिसेल अशी डोक्याच्या वर धरली. मगच तो खाली बसला आणि करवतीच्या साखळीला हात लावला.

पहिल्याच झाडाला साखळी चिकटली होती. बागेला डिंक्या रोग झालेला. बुडख्यापासून फांद्यांपर्यंत डिंक काकवीसारखा ओघळून वाळला होता. करवतीचे दात लाकडात शिरले की तो डिंक गरम व्हायचा, भुशात कालवला जायचा आणि पात्याच्या खाचेत जाऊन बसायचा. संपतनं डिझेलचा बोळा फिरवला, काडीनं खाच कोरली. साखळी बोटांनी उचलून पाहिली. उचलली तर जराशी उचलायला पाहिजे, सोडली तर पात्यावर बसायला पाहिजे, खालून लोंबायला नको. तेलाची टाकी बघितली. केबल खांद्यावरून पाठीमागं टाकली आणि पुन्हा हात वर केला.

बेबीनंदानं पिन बोर्डात घातली.

हे सगळं त्याला अंबडच्या लाकूडवखारीत राधेश्याम मिस्त्रीनं शिकवलं होतं. वखार बंद पडली तेव्हा मालकानं हे विजेचं जुनं मशीन संपतला देऊन टाकलं. राधेश्याम म्हणाला होता, "ले जा. ह्याला पेट्रोल लागत न्हाई. पण अक्कल लागती."

पिन मात्र मिस्त्रीनं शिकवली नव्हती. तो नियम बेबीनंदाचा. मशीन घरात आलं त्या दिवशीच तिनं सांगितलं होतं, साखळीला हात लावायचा असेल तर आधी पिन माझ्या हातात. तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्ध्यातच संपत होती, त्यामुळं संपतनं हुज्जत घातली नाही.

रखमाजी नानांच्या विहिरीवर, मोटारीच्या पेटीशेजारच्या खांबावर बोर्ड होता. तिथून चारशे फुटी नारिंगी केबल बागेत गेली होती. मोसंबीची एकशे नव्वद झाडं. आज गुरुवार. मंगळवारी जेसीबी खुंट उपटायला येणार होता. सतरा वर्षांची बाग. नाना विहिरीच्या कठड्यावर बागेकडं पाठ करून बसले होते. झाड पडल्याचा आवाज आला की ते फक्त तंबाखू मळायचं थांबायचे.

झाड १२

नानांचा मुलगा सोमेश्वर मोटारसायकलीवर बसूनच बघत होता. एक पाय जमिनीवर, मोबाईल हातात.

"संप्या, सकाळपासून बघून राह्यलो. बारा झाडाला दहा वेळा पिन काढली तुम्ही."

"डिंक बसतो भाऊ साखळीत. साफ नाही केली तर ओढ घेते."

"मंग कर ना साफ. खटका सोडला की मशीन बंद व्हतंच की."

"खटका सोडला की बंद व्हतं," बेबीनंदा बोर्डाजवळून म्हणाली. "चुकून दाबला गेला तर चालू बी व्हतं, सोमेश्वरभाऊ."

"तुला विचारलं का मी?"

पिन तिच्या मुठीत होती.

"करवत नवऱ्याची अन् कळ बायकोची!" सोमेश्वर हसला. "बरं हाय बाबा तुझं. रात्री बी पिन काढून ठेवती का काय?"

संपतही हसला. मालकाच्या पोराच्या विनोदाला हसावं लागतं तसं हसला, पण बेबीनंदाला ते हसणं सोमेश्वरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"अंबडचा मिथुन पेट्रोलच्या मशीनवर दिवसाला साठ पाडतो," सोमेश्वरनं गाडीला किक मारली. "वायर न्हाई, बोर्ड न्हाई, बायको न्हाई. सोमवार संध्याकाळपर्यंत झालं पायजे. नसता मी त्याला फोन लावतो."

झाड २८

दिवस मावळायच्या आत संपत अंगणात बाजेवर बसून गोल कानशीनं दात लावत होता. प्रत्येक दाताला आतून बाहेर तीन हात. सारखे. एका दाताला जास्त अन् एकाला कमी झालं तर करवत वाकडी पळते. बेबीनंदानं पातं दाबून धरलं होतं. त्याच्या केसांत भुसा होता, मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. खटका दाबून दाबून उजव्या हाताचं पहिलं बोट सुजून केळफुलासारखं झालं होतं. त्यानं ते तिच्यापासून लपवलं नाही, पण दाखवलंही नाही.

"हळद लावते."

"राहू दे."

पाच-सहा दात झाले.

"उद्या तू फांद्या ओढ," तो म्हणाला. "माणूस कमी हाय."

"अन् पिन?"

"बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू. सगळ्या गावात झालंय, बेबी. चहाच्या हॉटेलात माझ्याकडं बघून हात वर करतेत लोकं. हात वर करून इच्यारतेत, पाणी पिऊ का? मुतायला जाऊ का?"

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण त्याला दिसलं. कानस जरा जोरात फिरली.

"एका दाताला जास्त लागली," ती म्हणाली.

झाड ४१

दुसऱ्या दिवशीही ती बोर्डाजवळच होती. संपतनं विषय काढला नाही, तिनंही काढला नाही.

अकराच्या सुमारास नानांची बायको चतुराबाई चहा घेऊन आली. घरच्यांचा स्टीलच्या कपात, या दोघांचा कागदी. बेबीनंदानं कागदी कप उजव्या हातात घेतला, डाव्या हातात पिन होती. तिकडं संपत एकेचाळिसाव्या झाडापाशी साखळी कोरत बसला होता. चतुराबाईची नजर पिनेवर गेली, तिथून बोटांवर.

"दुखतेत का गं अजून?"

"थंडीत दुखतेत, काकू. उन्हाळ्यात न्हाई."

चतुराबाईनं पदर डोक्यावर ओढला. ऊन विहिरीच्या कडेपर्यंत आलं होतं.

ती बोटं याच घरच्या गोठ्यात गेली होती, आठ वर्षांपूर्वी. कडबाकुट्टीत पेंढी अडकली आणि लाईट गेली. मशीन थांबलं म्हणून तिनं हात घालून पेंढी ओढली. इथं प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो असतो. लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, अर्ध्या रात्री विहिरीवर कोण जाणार, म्हणून ऑटोचं बटन टाकून ठेवायचं. लाईट आली की मोटार आपोआप चालू. आपोआप पाणी. कडबाकुट्टीलाही नानांनी तसंच करून घेतलं होतं. लाईट आली.

नंतर नाना सगळ्यांना सांगायचे, चालत्या मशिनीत हात घातला तिनं. दवाखान्यात नेलं, पट्टी केली, महिनाभर ज्वारी पाठवली. पण सांगायचे हेच.

"मी तव्हा चुलीपुढं होते," चतुराबाई हळूच म्हणाली. "मला काय दिसलं न्हाई, बाई."

"तुम्हाला कुठं काय म्हंते मी."

"न्हाई, म्हणलं सांगावं."

तिकडं संपतनं हात वर केला. बेबीनंदानं चहा खाली ठेवला आणि पिन घातली.

झाड ५९

"हे काय?"

"पट्टी."

"ट्यूबची?"

"सायकलच्या ट्यूबची. सोमेश्वरभाऊनं दिली. खटक्यावर बांधली की बोट लावायची गरज न्हाई."

"म्हंजे खटका कायम दाबलेला."

"बंद करायला पुढली दांडी हाय ना. दांडी पुढं ढकलली की साखळी थांबती. ब्रेकच हाय तो. राधेश्याम मिस्त्रीच सांगायचा."

"मिस्त्री खटका बांधायचा का?"

"मिस्त्रीचं बोट नव्हतं सुजलेलं."

"सोडा ती."

"बेबी, दोन दिवसात एकोणसाठ झालेत. अजून एकशे एकतीस हायेत. दोन दिवस न्हाई तं तीन. बोट चालतच न्हाई माझं, बघ, हे असं. वाकत बी न्हाई."

"मी धरते मशीन."

"तू?"

"मी धरते, तुम्ही पिन धरा."

"म्हंजे गाव अजून हसंल."

"हसू द्या."

"तुला काय जातंय हसू द्या म्हणायला."

"सोडा ती, म्हणलं ना."

"सोमेश्वरभाऊ म्हंतो, करवतीला ऑटो बसवला म्हणायचं. काम फास्ट."

"काय म्हणला?"

"ऑटो."

झाड ६०

शनिवारी सकाळी सोमेश्वरनं विहिरीजवळच्या बाभळीखाली बाज टाकली आणि तिच्यावर पसरला.

"बोर्ड मी बघतो," तो म्हणाला. "बेबीनंदा, तू फांद्या ओढ. जेसीबीला रस्ता पायजे. सगळा काटेरी कचरा बांधाला लाव."

तिनं संपतकडं पाहिलं. संपत कानात कापूस कोंबत होता. रोजच कोंबायचा, मशीनच्या आवाजानं कान बधिर होतात म्हणून. आज मात्र तो तिच्याकडं न बघता कोंबत होता.

"भाऊ, त्यांनी हात वर केला की पिन काढायची," ती म्हणाली.

"काढतो गं बाई."

"मोबाईलमधून दिसंल का?"

"जा, काम कर."

ती कोयता घेऊन बागेत गेली. आडव्या पडलेल्या फांद्यांचे डहाळे तोडायचे, ओझं करायचं, बांधापर्यंत ओढत न्यायचं. मोसंबीचे काटे परकरातून मांडीला टोचत होते. प्रत्येक फेरीला ती एकदा बोर्डाकडं बघायची, एकदा संपतकडं.

संपत हात वर करत नव्हता. दांडी पुढं ढकलायचा, साखळी थांबायची, उलट्या हातानं भुसा झाडायचा, दांडी मागं ओढायचा आणि कापायला लागायचा. खटका कायम दाबलेला. पिन कायम बोर्डात.

खरंच काम फास्ट होत होतं.

झाड ७२

एक मशीन, एक माणूस, त्रेचाळीस डिग्री ऊन. पात्याचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि मशीन एकदम वर उसळलं. त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं, कारण उसळताना त्याचं मनगट दांडीवर आपटलं आणि ब्रेक लागला.

तिनं ते लांबून पाहिलं. तिच्या हातातलं ओझं खाली पडलं.

तो पाणी प्यायला. रुमालानं तोंड पुसलं. बाजेवर पडलेल्या सोमेश्वरला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

ती त्याच्याजवळ गेली. त्यानं एका कानातला कापूस काढला.

"टोकानं कापू नका."

"माहीत हाय."

"जरा सावलीला बसा."

"बसतो मागून." त्यानं कापूस परत घातला. "जा. बघतेत ते."

झाड ८३

हे झाड जुनं दुबेळक्याचं होतं. खोडाला जमिनीपासून हातभरावर दोन फाटे, आणि वरचा सगळा भार एका अंगाला गेलेला. असं झाड कापताना पातं आत अडकतं. वरचा भार खाच मिटवून टाकतो. राधेश्याम अशा वेळी आधी भाराच्या बाजूनं थोडं कापायचा, मग दुसऱ्या बाजूनं, आणि खाचेत लाकडाची पाचर ठोकायचा. संपतलाही ते येत होतं. त्याच्या पिशवीत पाचर होती. पण पिशवी मागं राहिली होती, दहा झाडं मागं.

बेबीनंदा त्याच्यापासून चाळीस पावलांवर होती. ती बोर्डापासून शंभर पावलांवर होती. नारिंगी केबल तिच्या पायापासून हातभर अंतरावरून गेली होती. ती वाकून एका फांदीवर कोयता चालवत होती. पात्याचा आवाज बदलल्याचं तिला कळलं. बारीक किंचाळी भसाड्या घरघरीत उतरली. पातं अडकलं, ती मनात म्हणाली, आता दांडी ढकलेल, आणि लाईट

झाड ८३, अजून

गेली.

विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आधी खाली बसला. पाइपातलं पाणी मागं घरंगळलं. मग शेजारच्या शेतातली मोटार, मग त्याच्या पलीकडची. सगळ्या शिवारात एकदम शांतता झाली, इतकी की वाळल्या पानांवरून सरडा पळाल्याचा आवाज ऐकू आला.

करवत लाकडात तशीच थांबली. संपतनं दांडी पुढं ढकलली नाही. कशाला ढकलेल? साखळी थांबलेलीच होती.

त्यानं मशीन हलवून पाहिलं. निघेना. खोडाला पाय लावून हिसका दिला. पातं सुटलं, पण साखळी पात्यावरून उतरून एका बाजूला लोंबायला लागली. तो उकिडवा बसला. मशीन मांडीवर घेतलं. ट्यूबच्या पट्टीनं खटका आवळलेला होता. त्यानं डाव्या हाताची चारही बोटं साखळीखाली घातली आणि ती खाचेत बसवायला लागला.

"अहो!"

कानात कापूस.

"अहो! पिन! हात काढा!"

त्याची पाठ तिच्याकडं होती. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

ती बोर्डाकडं वळली. "सोमेश्वरभाऊ! पिन काढा! पिन!"

सोमेश्वरनं बाजेवरूनच मान उचलली. "काय?"

"पिन काढा बोर्डातली! जल्दी!"

"लाईटच न्हाई तं पिन कशाला काढायची?"

तो वेड्यात काढत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. ते तिला त्याच्या आवाजावरूनच समजलं. बोर्डापर्यंत शंभर पावलं. संपतपर्यंत चाळीस, मधे पाडलेल्या झाडांचा काटेरी ढीग. कुठल्याही बाजूला पळाली तरी उशीर होणार होता. किती उशीर ते तिला माहीत होतं. तिची दोन बोटं जायला पापणी लवायची सुद्धा फुरसत मिळाली नव्हती.

पायाशी केबल होती.

पहिला घाव पडला तो जमिनीवर. ढेकूळ फुटलं, केबल उडून बाजूला सरकली. तिनं पायानं ती एका खुंटावर ओढून घेतली. या क्षणी लाईट आली तर कोयत्यातून आपल्या अंगात येईल, हे तिच्या डोक्यात येऊन गेलं. मूठ लाकडाची हाय, पायात चप्पल हाय, हेही आलं. सगळं एकदमच आलं. दुसरा घाव. नारिंगी साल फुटली, आतली तार दिसली. तिसरा. केबलचे दोन तुकडे झाले. बोर्डाकडचं टोक तिनं कोयत्याच्या मुठीनं लांब ढकललं.

"डोकं फिरलं का तुझं!"

मशीनला ओढ बसली म्हणून संपत वळला होता. कानातला कापूस तसाच. बोटं अजून साखळीखालीच. रागानं त्याचं तोंड लाल झालं होतं. "नवी केबल हाय ती! तोडली? अगं तोडली तू?"

पेटीत खट् वाजलं.

मोटार घुमली. बाजूच्या शेतातली, पलीकडची, सगळ्या शिवारातल्या मोटारी एकामागं एक उठल्या. संपतला त्या नीट ऐकू आल्या नाहीत. पण हौदावरचा पाइप समोरच होता. त्याला पाइप आधी दोनदा खोकल्यासारखा हललेला दिसला, मग मनगटाएवढी पाण्याची धार हौदात पडायला लागलेली दिसली.

तो धारेकडं बघत राहिला. मग मांडीवरच्या मशीनकडं. बोटांकडं.

"कोणी शिवू नका त्या टोकाला!" बेबीनंदा ओरडत होती. "चालू हाय ते! पिन काढा आता तरी!"

सोमेश्वर अनवाणीच पळाला आणि त्यानं पिन ओढली. ओढल्यावर ती हातात धरून तसाच उभा राहिला, बोर्डाकडं बघत.

संपतनं साखळीखालून एकेक बोट काढलं. करंगळी आधी. प्रत्येक बोट काढून ते तो अंगठ्यानं चाचपत होता. मग त्यानं मशीन बाजूला ठेवलं, आणि त्याला ओकारी आली. नुसतं पाणी. सकाळपासून त्यानं तेवढंच घेतलं होतं.

झाड ८३, तसंच अर्धं कापलेलं

माणसं जमली. रखमाजी नाना गोठ्यातून आले. पहिल्यांदाच बागेत आले ते, तीन दिवसांत. चतुराबाई मागं पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"टेप हाय माझ्याकडं," सोमेश्वर म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता, पण त्यानं तो नेटानं वर काढला. "पाच मिंटाचं काम. जोडू अन् चालू करू. अजून दिवस लई हाय."

संपत खटक्यावरची पट्टी सोडत होता. गाठ घट्ट बसली होती, सुजलेल्या बोटानं निघेना. शेवटी त्यानं ती दातानं तोडली आणि थुंकली.

"न्हाई."

"काय न्हाई?"

"टेपनं जोडून न्हाई चालवायची. जमिनीवर ओढायची केबल हाय ही, भाऊ. खुंटाला घासती, ओलीत जाती. साल निघाली की कुणाचा तरी जीव घेईल. नवीन आणल्याबिगर मी चालवत न्हाई."

"नवीन कव्हा आणणार? उद्या इतवार."

"सोमवारी जाईन अंबडला."

"मंगळवारी जेसीबी हाय!"

"हाय."

"अन् मंग काम कोण करणार?"

संपतनं उत्तर द्यायच्या आधी बेबीनंदाकडं पाहिलं. गर्दीत पाहिलं, सगळ्यांदेखत. तिच्या तोंडावर सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचे दात वाजत होते, भर उन्हात.

"मिथुनला बोलवा," तो म्हणाला.

"नाना, बघा हो," सोमेश्वर बापाकडं वळला. "ह्याच्या बायकोनं ह्याची केबल तोडली अन् हा आपल्यालाच..."

"पट्टी मी बांधली, नाना," संपत मधेच म्हणाला. नानांच्या पोराचं बोलणं तोडायची त्याची ही पहिली वेळ. "देणारानं दिली, पण बांधली मी. चूक माझी हाय. तिनं तोडली न्हाई. तिनं..."

त्यानं नुसता डावा हात पुढं केला, पाचही बोटं पसरून, जणू नानांना काही मोजायला देत होता.

नाना त्या हाताकडं बघत राहिले. बेबीनंदाकडं त्यांनी पाहिलं नाही. ते वाकले, केबलचं तुटकं टोक उचललं, पिन काढलेली आहे याची खात्री करायला एकदा बोर्डाकडं बघितलं, आणि मग ते टोक संपतच्या हातात दिलं.

"गुंडाळून न्या," ते म्हणाले. "झाल्या कामाचे पैसे सोमवारी घरून न्या."

ते गोठ्याकडं निघाले. चतुराबाई त्यांच्या मागं गेली नाही. ती बेबीनंदाजवळ आली आणि तिच्या परकरात अडकलेले काटे एकेक करून काढायला लागली.

झाड ८४

रविवारी सकाळी संपतनं मशीन सगळं उकललं. पातं वेगळं, साखळी वेगळी, वरचं झाकण वेगळं. साखळी डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवली. पात्याच्या खाचेतला डिंक दगडासारखा झाला होता, तो जुन्या ब्लेडनं खरवडून काढत होता. बेबीनंदा पातं धरून समोर बसली होती. अंगणात तेलाचा आणि मोसंबीच्या सालीचा मिसळलेला वास होता.

नऊ वाजता दूरवरून पेट्रोलच्या मशीनचा आवाज आला. नानांच्या शेताच्या दिशेनं. खडखडीत, उर्मट आवाज.

"आला मिथुन," संपत म्हणाला.

तो खरवडत राहिला. मधेच मान तिरकी करून ऐकायचा. आवाज चढला की कापतोय, उतरला की झाड पडलं. "दोन," तो म्हणायचा. थोड्या वेळानं, "तीन." त्याच्या आवाजात हेवा होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "लई चालू हाय. आज चाळीस काढंल."

"काढू द्या."

"आपलं काम होतं ते, बेबी."

"होतं."

चौथ्या झाडाला आवाज चढला, आणि मधेच बंद झाला.

संपतचं ब्लेड खाचेत थांबलं. पडल्याचा आवाज नाही. गावातलं एक कुत्रं भुंकलं, कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली.

"तेल भरत असंल," तो म्हणाला.

"असंल."

"न्हाई तं मशीन मंद ठेवलं असंल. मंद ठेवलं तर इथवर आवाज येत न्हाई."

"मंद ठेवून काय करतेत?"

त्यानं ब्लेड खाली ठेवलं. मिथुनला तो वखारीच्या दिवसांपासून ओळखत होता. मिथुन मशीन मंद चालू ठेवायचा आणि काडीनं साखळी कोरायचा. काडी नसली तर बोटानं. दर वेळी दोरी ओढून परत चालू करायचा कंटाळा.

"डिंक्या बागेत त्यानं कापलं नसंल कधी," संपत म्हणाला. "कसा चिकटतो ते माहीत नसंल त्याला. सांगायला पायजे होतं मी."

"नंबर हाय?"

त्यानं डिझेलचे हात सदऱ्याला पुसले, मोबाईल काढला, नंबर शोधला. लावला. बेबीनंदा उठून अंगणाच्या कुडापर्यंत गेली. तिथून काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऊन आणि लांबवर बाभळीचे शेंडे. तरी ती तिकडंच बघत होती.

रिंग जात होती. तो उचलत नव्हता. संपतनं मोबाईल कानावरून काढून स्पीकरवर टाकला. अंगणात रिंग वाजत राहिली, एक, दोन, सहा, आठ. संपतच्या बोटांना लागलेलं काळं तेल मनगटापर्यंत ओघळलं, त्यानं ते पुसलं नाही.

मग लांबवर मशीन खाकरलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पेटलं, आवाज चढला, आणि सरळ चढत गेला.

संपतनं फोन कापला नाही. "झाड पडलं की बघंल तो," तो म्हणाला. "मंग लावतो परत. उचलेपर्यंत लावतो."

बेबीनंदा कुडापासून वळली, त्याच्या समोर येऊन बसली आणि तिनं पातं पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरलं.